पसरलेलं घोंगडं

ते साल एकोणीसशे चौऱ्याहत्तरचं. दुष्काळ सरून दुसरं वर्ष लागलं होतं, तरी सोलापुरात कुणी भाकरीचा तुकडा ताटात टाकून उठत नव्हतं. दिवाळी होऊन गेलेली. गिरणीचा भोंगा वाजून गेल्यावर चंद्रव्वा नेहमीसारखी खाण कंपनीच्या कचेरीचा जिना चढून वर आली, टेलिफोनवरचा कपडा काढला, खिडकी उघडली. खालच्या टॉवेलवाल्याच्या दुकानातून तेलुगूतली रोजची भांडणं वर येऊ लागली. एवढ्यात दारात म्हाळसाबाई धनगरीण उभी राहिली. सांगोल्याच्या पहिल्या एस.टी.नं आली असणार. काठी दाराला टेकवली, वहाणा बाहेर काढल्या, खांद्यावरचं काळं घोंगडं उतरवून दोन हातांनी झटकलं आणि कचेरीच्या मधोमध, चंद्रव्वाचं टेबल आणि साहेबांचा दरवाजा यांच्यामध्ये फरशीवर पसरलं. मग त्यावर मांडी घालून बसली. समोरची जागा हातानं थोपटून म्हणाली, "बस."

चंद्रव्वा पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. तो तिच्या हातातच राहिला. "साहेब नाहीत, आत्या. कुर्डुवाडीला गेलेत, रेल्वेच्या खडीचं काम आहे. संध्याकाळी येतील."

"म्या सायबाचं नाव कुटं घेतलं? तुला म्हणलं. बस."

चंद्रव्वा उभी राहिली. शिपाई आण्णा हातातला झाडू तसाच धरून बघत होता. तो बघतोय हे तिला पाठीलाही कळत होतं. म्हाळसाबाईनं तिच्याकडे जरा वेळ पाहिलं, मग हात वर करून तांब्या घेतला, वरून धार धरून पाणी प्याली, तोंड पुसलं आणि काठीच्या आधारानं उठली. घोंगडं उचललं नाही.

"टेकाच्या दक्षिण अंगाला तांबड्या चिंध्यांच्या खुंट्या मारल्यात तुमच्या मानसानं," ती म्हणाली. "ह्ये घोंगडं हितंच ऱ्हाऊ दे. बोलनं झाल्याबिगर उचलायचं न्हाय. तू कवा बसशील तवा निरोप धाड." आणि वहाणा घालून जिना उतरून गेली. तिच्या काठीचा आवाज खाली पोचेपर्यंत चंद्रव्वा त्याच जागी होती.

एवढंच झालं होतं. दिवसभर ती टाइप करत राहिली, टेलिफोन घेत राहिली आणि प्रत्येक वेळी नजर त्या काळ्या चौकोनावर जाऊन पडली. लोकर नुसतीच काळी नव्हती. कडेला एक तपकिरी धागा होता, मध्ये कुठे कुठे पांढरा. ऊन सरकत खिडकीतून त्याच्यावर आलं आणि त्यातून वास उठला: मेंढीचा, धुराचा आणि चिंचोक्यांच्या खळीचा. त्या वासानं चंद्रव्वा मंगळवार पेठेत, अप्पांच्या दुकानात जाऊन पोचली. तिथे ती पाच-सहा वर्षांची होती. घोंगड्यांची चळत तिच्या डोक्यापेक्षा उंच असे आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती त्या चळतीवर चढून झोपे. गालाला लोकर टोचे. टोचत टोचतच झोप लागे, आणि जागी झाली की गालावर विणीचा ठसा असे. आई, तिची अव्वा, म्हणे, मुलगी घोंगड्यात विणून काढलीये तुम्ही. तिचे अप्पा संगप्पा घोंगड्यांचा व्यापार करत. धनगर माळावरून येत. आधी वहाणा बाहेर, मग एखादं घोंगडं पसरायचं, अप्पा गादीवरून उतरून त्यावर बसायचे आणि बोलणं सुरू व्हायचं. पाऊस, मेंढरं, कुणाच्या पोरीचं लग्न, वाटेत लांडगा दिसला का, सगळं बोलून झाल्यावर शेवटी भाव. तराजू दुकानात होता, पण घोंगड्यावर बसून ठरलं की तराजूकडे कुणी बघत नसे. एकदा तिनं विचारलं होतं, अप्पा, तुम्ही गादीवर का नाही बसत, ते खाली बसतात तर तुम्ही वर बसा ना, दुकान आपलं आहे. अप्पा हसले होते. म्हणाले होते, गादीला पुढची बाजू असते आणि मागची असते, बाळ. घोंगड्याला समोरची बाजूच नसते. बसला तो आपला. त्यांच्या हसण्यात पुढचा एक दात नव्हता आणि त्या फटीतून जीभ दिसायची. एवढं आठवलं आणि टाइपरायटरवर तिची बोटं थांबली. मग ती का बसली नव्हती?

लुगडं चांगलं होतं म्हणून? नाही. आण्णा बघत होता म्हणून? थोडं. खरं तर तिला त्या क्षणी कळलं होतं की बसलं तर कशावर बसलो हे ठरून जाईल, आणि ती ज्या खुर्चीवर रोज बसायची ती खुर्ची कंपनीची होती. पगार कंपनीचा. घरी तिची अव्वा निंगव्वा, डोळ्यांनी अधू, कडक भाकरी दुधात भिजवून खाणारी. आणि आणखी एक गोष्ट होती. मुंबईहून ट्रंक कॉल आला तेव्हा तो तिनंच जोडून दिला होता. मुंबईचे मोठे साहेब कापडिया इथल्या वर्गीस साहेबांना सांगत होते की टेकाच्या उत्तरेचा दगड पुरणार नाही, पुढच्या महिन्यापासून दक्षिणेला सुरुंग लावा. जोडून दिला की रिसिव्हर ठेवायचा हा नियम. तिनं तो ठेवला होता, पण जरा उशिरा. म्हणजे खुंट्या मारल्याचं म्हाळसाबाई सांगत होती तेव्हा चंद्रव्वाला ते आधीच ठाऊक होतं.

बिरोबाचा टेक सांगोल्याच्या पुढे, माळावर. मोठा डोंगर नव्हे, पालथ्या घातलेल्या परातीसारखा. उत्तरेचं अंग म्हणजे उघडा काळा दगड. दक्षिणेला गवत, थंडीत दिवसभर ऊन आणि वारा अडवणारी कपार. दसऱ्यानंतर धनगरांची खांडं, म्हणजे मेंढरांचे कळप, लांब चराईला जातात, पण गाभण मेंढ्यांना चालवत न्यायचं नाही म्हणून त्या मागं राहतात, आणि त्या दक्षिण उतारावर वितात. वर लिंबाखाली बिरोबाचं ठाणं: शेंदूर नाही, देऊळ नाही, भंडाऱ्यानं पिवळे झालेले दगड. कंपनीनं आधी खाणीसाठी टेक मागितला तो तालुक्याच्या कागदांवर, जीपमधून. जीप आली, माणसं उतरली, खुंट्या ठोकल्या, जीप गेली. दुसऱ्या दिवशी खुंट्या उपटलेल्या. विचारलं तर धनगर म्हणायचे, मेंढरानं उपटल्या की, साहेब, त्येंच्या अंगाला खाज लई. असं तीनदा झालं. मग वर्गीस साहेबांनी चंद्रव्वाला बोलावून विचारलं होतं, तुमचे वडील या लोकांना ओळखायचे, खरं का? वर्गीस साहेब केरळचे, उंच, काळेसावळे, कायम शर्टाच्या खिशात पेन गळून निळा डाग पडलेला. मराठी शिकायची त्यांना हौस होती आणि त्यात पुल्लिंग-स्त्रीलिंगाचं भान नव्हतं. मेंढी आला, डोंगर गेली. आण्णाला फार आवडायचं ते.

तेव्हा, मागल्या वर्षी, ती पहिल्यांदा टेकावर गेली होती. जीप खालीच ठेवायची हे तिनं सांगितलं. पायात बूट नकोत, हेही. वर चढताना साहेबांच्या पायात काटा मोडला आणि धनगरांच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या, पण त्यातल्याच एकीनं बाभळीच्या दुसऱ्या काट्यानं तो काढूनही दिला. म्हाळसाबाई तिथे पुढे होती. तिचा नवरा गेलेला. सगळं खांड आणि सगळ्या सुना तिच्याच शब्दावर चालायच्या. चंद्रव्वाकडे तिनं डोळे बारीक करून पाहिलं. "कुनाची गं तू?"

"संगप्पाची. मंगळवार पेठेतल्या."

"घोंगडीवाला संगप्पा? दात पडलेला?" म्हाळसाबाईनं तिच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून बोटं आपल्या कानशिलावर मोडली. "तुजा बा माज्या दादल्याच्या शब्दावर घोंगड्या न्यायचा अन् त्येच्या शब्दावर आमी द्यायचो. बस बाई. लेक संगप्पाची म्हनल्यावर बोलनं झालंच की."

त्या दिवशी बसणं किती सोपं होतं. वारा होता, लोकर गुडघ्यांना टोचत होती, समोर साहेब लांब पाय दुमडता न येऊन वाकडे बसले होते आणि एक कोकरू येऊन त्यांच्या शर्टाची बाही चघळत होतं. बोलणं दुपारपर्यंत चाललं. उत्तरेचा दगड कंपनीनं घ्यावा. रस्ता मेंढरांच्या वाटेवरून न्यायचा नाही. सुरुंगाच्या आधी शिटी. माळावरच्या पोरांना काम. आणि दक्षिणेचा उतार आणि ठाणं, त्याला हात नाही. कारण सुरुंगाच्या धक्क्यानं गाभण मेंढ्या गाभ टाकतात. साहेबांनी एकेक गोष्ट विचारून घेतली, त्यातल्या काही दोनदा, आणि जे जमणार नाही त्याला नाही म्हणाले. विहीर खणून देता येणार नाही म्हणाले, तेव्हा म्हाळसाबाई मान हलवून म्हणाली, ह्यो नाय बी म्हनतोय, म्हंजे व्हय म्हनंल ते खरं असंल. शेवटी म्हाळसाबाईचा दीर ज्ञानबा, ठाण्याचा पुजारी, उठला. त्यानं तळहातावर भंडारा आणि त्यावर बेलाचं पान ठेवून हात पुढे केला. चंद्रव्वानं साहेबांना हळूच सांगितलं, हा बेलभंडारा आहे. उचलला की शपथ. पाळायची नसेल तर हात लावू नका. साहेब थोडं थांबले. मग त्यांनी पान आणि भंडारा आपल्या तळहातावर घेतला, डोळे मिटले, काहीतरी पुटपुटले आणि तळहात तोंडाकडे नेऊन सगळंच्या सगळं खाऊन टाकलं.

सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. साहेबांनी डोळे उघडले. जीभ पिवळी, ओठ पिवळे. त्यांना कळेना काय झालं. खाली येताना त्यांनी तिला सांगितलं की त्यांच्या चर्चमध्ये पाद्री तळहातावर देतो ते खायचं असतं, ते खाल्लं की देवाशी बोलणं पुरं होतं, दुसरं काही त्यांच्या हाताला ठाऊकच नव्हतं. पण तेव्हा टेकावर आधी ज्ञानबा खवळला. "आरं, शपथ खाल्ली की ह्येनं! उचलून कपाळाला लावायची, देवाम्होरं ठिवायची. खाल्लेली शपथ शपथ न्हवं. पचून जाईल की ती." मग म्हाळसाबाई हसायला लागली. ती हसली तशा सगळ्याच बायका हसल्या. साहेबही हसले, पिवळ्या दातांनी. "पचू दे की," म्हाळसाबाई म्हणाली. "पचली म्हंजी रगतात गेली. हातावरची पुसून टाकता येती. पोटातली कशी काढशील?" त्या दिवसापासून टेकावर दोन पक्ष पडले: शपथ झाली म्हणणारे आणि झाली नाही म्हणणारे. दोन्ही पक्षांनी उत्तरेकडचं काम सुरू होऊ दिलं, आणि वर्षभर एकही खुंटी मेंढरांनी उपटली नाही.

आणि आता घोंगडं इथे होतं, आणि ती बसली नव्हती.

वर्गीस साहेब संध्याकाळी कुर्डुवाडीहून आले. दारात त्यांना काळं काहीतरी दिसलं आणि चंद्रव्वानं पाहिलं की ते आपोआप वाकले आणि बुटाच्या नाड्या सोडू लागले. मग नाडी हातात धरूनच त्यांनी विचारलं, "कोण आला होती?"

"म्हाळसाआत्या. बोलणं झाल्याशिवाय उचलायचं नाही म्हणाल्या."

ते कडेकडेनं, भिंतीला घासत आपल्या खोलीत गेले. दुसऱ्या दिवशी सगळेच तसे चालू लागले. कुणी सांगितलं नव्हतं. आण्णा झाडताना घोंगड्याभोवती झाडून घेई आणि म्हणे, "घोंगडं भिजत पडतं म्हणतात. आपलं सुकत पडलंय." पोस्टमन दारातूनच हात लांबवून टपाल देऊ लागला. एकदा खालच्या टॉवेलवाल्याचं मांजर येऊन त्याच्यावर झोपलं आणि आण्णानं त्याला उठवलं नाही. म्हणाला, कुणीतरी बसलं, बरं झालं. चंद्रव्वाला ते टोचलं. तिला हळूहळू सवय होईल असं वाटलं होतं, पण उलटंच झालं. घोंगडं रोज थोडं मोठं होत गेल्यासारखं वाटे. टेबलापासून दारापर्यंत जायचं तर त्याला वळसा घालावा लागे, आणि प्रत्येक वळशात तिला आपण उभ्या असलेल्या दिसत, हातात तांब्या. म्हाळसाबाई रागावली नव्हती, हेच वाईट होतं. रागावली असती तर उत्तर देता आलं असतं. साहेब मुंबईशी दोनदा बोलले. दोन्ही वेळा तिनं कॉल जोडून दिला आणि या वेळी रिसिव्हर लगेच ठेवला. पण काचेपलीकडे साहेब हात हलवून बोलताना दिसत होते आणि दुसऱ्या वेळी त्यांनी नुसताच फोन कानाला लावून ठेवला होता. बाहेर येऊन म्हणाले, कापडिया साहेब स्वतः येतात. मला सांगतो, तू पान खाल्लास, कंपनीनं नाही खाल्ला.

घरी अव्वाला तिनं सगळं सांगितलं. निंगव्वा जात्याजवळच्या अंधाऱ्या कोपऱ्यात बसून शेंगा सोलत होती. डोळ्यांनी दिसत नसलं तरी एक सडका दाणा चुकून डब्यात जात नसे. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "मग बसली का नाहीस?"

"नोकरी जाईल, अव्वा."

"जाईल की. नोकऱ्या जातात." तिनं एक शेंग फोडली. "तुझे अप्पा मेले तेव्हा तेराव्याला माळावरून माणसं आली होती, आठवतंय? एकानंही दुकानात किती उरलंय विचारलं नाही. मागच्या खोलीत घोंगडं पसरलं आणि बसले. आणि मी त्यांच्यात बसले, शेजारच्या बायका तोंडं वाकडी करत होत्या तरी. तिथे बसले म्हणून मला रडता आलं. चटईवर नव्हतं येत." मग तिनं डब्यावर झाकण ठेवलं आणि आपल्या जुन्या कानडीत, लहानपणी झोपवताना म्हणायची तशी म्हणाली, "कुंद्रव्वा." म्हणजे बस, बाळ. चंद्रव्वाला एकदम वाटलं की आपण इतके दिवस उभ्याच आहोत, त्या सकाळपासून नव्हे, अप्पा गेल्यापासून. पगार, अव्वाची औषधं, घरभाडं, सगळं उभ्यानं केलं. बसायचं म्हणजे काय ते विसरूनच गेलो. दुसऱ्या दिवशी तिनं सांगोल्याच्या एस.टी.च्या कंडक्टरकडे म्हाळसाबाईला निरोप धाडला. अमुक दिवशी या, मुंबईचे साहेब येणार आहेत आणि मी बसणार आहे.

कापडिया साहेब आले तेव्हा म्हाळसाबाई आणि ज्ञानबा आधीच घोंगड्यावर बसलेले होते. कापडिया साठीचे, गोरे, पांढऱ्या पँटमधले, मुंबईत वाढल्यानं मराठी चांगलं बोलणारे. त्यांच्यासाठी आण्णानं खुर्ची मांडून ठेवली होती आणि खुर्चीमागे स्टूल, चंद्रव्वानं लिहून घ्यायला. कापडिया खुर्चीवर बसले. वर्गीस साहेब उभे राहिले, बूट ठेवावेत की काढावेत अशा विचारात. चंद्रव्वा वही घेऊन स्टुलापाशी आली, वही स्टुलावर ठेवली, पुढे झाली आणि घोंगड्यावर म्हाळसाबाईच्या शेजारी बसली. लोकर टोचली. तिला गालावर विणीचा ठसा उमटल्यासारखं वाटलं. म्हाळसाबाईनं न बघता तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

कापडिया तिच्याकडे बघत राहिले. "बाई, तुम्ही कंपनीच्या की यांच्या?"

"घोंगड्याला बाजू नसते, साहेब, असं माझे अप्पा म्हणायचे." तिनं मांडी नीट घालून घेतली. "मागल्या वर्षी यांनी कंपनीचा शब्द घेतला तो माझ्या अप्पांच्या नावावर घेतला. कंपनीचा शब्द कंपनी मोडेल. अप्पांचं नाव मला मोडता यायचं नाही. ते गेलेत, त्यांना नवीन नाव करता येणार नाही. कामावरून काढायचं तर काढा."

"काढायचं कुणी म्हटलं?" कापडिया चिडून म्हणाले. "सगळे आधीच भांडायला बसलेत. वर्गीस, तू तरी खुर्ची घे."

वर्गीस साहेबांनी बूट काढले आणि घोंगड्यावर बसले, पाय वाकडे करून. "मी खाल्ला," ते म्हणाले. "पोटात आहे. मी दक्षिणेला सुरुंग लावू शकत नाही. दुसरा माणूस पाठवा, तो लावेल."

आणि मग, सगळ्यांच्या बाजूनं गोष्ट जात असताना, ज्ञानबा खाकरला. "मी सांगतो. खाल्लेली शपथ शपथ न्हवं. मी तवाच म्हणलं हुतं. आज खरं बोलायचं तर ह्ये साहेब मोकळे हायती. देवाच्या हिशेबानं."

"गप की, भावजी," म्हाळसाबाई म्हणाली. "आपल्याच मेंढरावर धोंडा घालतोस व्हय?"

"खरं त्ये खरं. शपथ नीट व्हाया पायजे." ज्ञानबानं बटव्यातून भंडारा काढला, कोरड्या पडलेल्या बेलाचं पान काढलं आणि तळहात कापडियांपुढे धरला. "तुमी मोठे. तुमी उचला."

खालून टॉवेलवाल्याचा आवाज आला आणि थांबला. कापडियांनी हात पुढे केला नाही. चंद्रव्वाला त्यांचा अंगठा खुर्चीच्या हातावर घासताना दिसला. "मी हे उचलू शकत नाही," ते शेवटी म्हणाले, आवाज खाली आला होता. "उचललं तर पाळावं लागेल. माझी आई असल्या गोष्टींत फार कडक होती. जागा बघितल्याशिवाय मी कशाला हात लावू?"

चंद्रव्वाला वाटलं, संपलं. पण म्हाळसाबाईनं मान डोलावली, टेकावर डोलावली होती तशी. "ह्यो बी नाय म्हनतोय. मग येऊन बघा की. आज बसा तरी. खुर्चीवरनं माझी मान दुखती वर बघून बघून."

कापडिया जरा घुटमळले. मग वाकून बूट काढले, आणि घुटमळण्याचं कारण सगळ्यांना दिसलं: उजव्या मोज्याला भोक होतं आणि अंगठा पूर्ण बाहेर आला होता. मुंबईहून आलेल्या मोठ्या साहेबांचा गुबगुबीत, गुलाबी अंगठा. त्यांनी तो दुसऱ्या पायाखाली दडवायचा प्रयत्न केला. "लोकर हाय आमच्याकडं," म्हाळसाबाई गंभीरपणे म्हणाली. "एक जोड विणून देऊ का?" पहिल्यांदा हसले ते स्वतः कापडिया. मग बसले. चहा आला, घोंगड्यावरच. आई कुठल्या गावची, इथपासून बोलणं सुरू झालं आणि सुरुंगापर्यंत पोचायला जेवणाची वेळ झाली.

दुसऱ्या दिवशी ते टेकावर गेले. चंद्रव्वा बरोबर होती. थंडी पडू लागली होती, दक्षिण उतारावर ऊन ठेवून दिल्यासारखं पडलेलं. एक मेंढी व्यायला लागली होती. कापडिया कुणी न सांगता थांबले आणि बघत राहिले. कोकरू ओलं, पिवळट, पडून उठलं, पुन्हा पडलं, उठलं. उत्तरेकडे शिटी वाजली, सुरुंग उडाला. टेक आतून थरथरला आणि उतारावरच्या सगळ्या मेंढ्यांनी एकाच वेळी माना वर केल्या. कोकरू पुन्हा पडलं. कापडियांनी ते पाहिलं आणि वर्गीस साहेबांकडे पाहिलं. मग ते ठाण्याकडे चालू लागले. तिथे ज्ञानबानं तळहात पुढे केला आणि कापडियांनी पान उचललं. उचललं तशी वर्गीस साहेब मागून घाईघाईनं म्हणाले, "खाऊ नका." चढावर बसलेल्या बायका इतक्या हसल्या की उतारावरच्या मेंढ्यांनी पुन्हा माना वर केल्या.

त्या संध्याकाळी म्हाळसाबाई कचेरीत आली, घोंगडं उचललं, खिडकीतून बाहेर झटकलं, खांद्यावर टाकलं आणि गेली. फरशी एकदम उघडी पडली. कितीतरी दिवस सगळे कडेनंच चालत राहिले, मधोमध काही नसलं तरी. चंद्रव्वाला मात्र त्या जागेवरून जाताना पायाखाली ऊब लागे.

कंपनीनं दगड पूर्वेच्या अंगानं काढला, लांबचा रस्ता करून. मुंबईत त्यावरून कापडियांना पुष्कळ ऐकून घ्यावं लागलं. त्यांनी तीन वर्षांनी कंपनी सोडली आणि भावनगरला जाऊन राहिले, जाताना सांगोल्याहून लोकरी मोज्यांचे दोन जोड घेऊन. पण तोवर एक रीत पडून गेली होती. मेंढ्या विण्याआधी दरवर्षी टेकावर घोंगडं पसरायचं आणि कंपनीचा जो साहेब असेल त्यानं येऊन बसायचं. वर्गीस साहेबांनंतर आलेले दोघे आधी कुरकुरले आणि मग बसले. वर्गीस साहेब कोट्टायमला परतले. म्हातारपणी त्यांना मधुमेह झाला, आणि सगळं वर्ज्य झालं तरी बेलाचं पान चालतं असं ते फोनवर चंद्रव्वाला सांगत. आण्णा कचेरी बंद होईपर्यंत तिथेच राहिला. निंगव्वा झोपेत गेली, अंगावर अप्पांच्या दुकानातलं शेवटचं घोंगडं. म्हाळसाबाई त्याच उतारावर, मेंढ्यांच्या मध्ये, उन्हात बसल्या बसल्या गेली. सुनेला वाटलं डुलकी लागली आहे. चंद्रव्वा टेकावर गेली तेव्हा तिनं कुणी बस म्हणायची वाट पाहिली नाही. खाण पुढे बंद पडली. सांगोल्याच्या वाटेवरून आजही टेक दिसतो, दोन बाजूंनी कापलेला, एका बाजूनं गवताचा. ज्ञानबा सगळ्यांत जास्त जगला आणि शेवटपर्यंत भांडत राहिला की पहिली शपथ खाल्लेली होती, ती शपथच नव्हती. पण कोकरं मात्र तो, साहेबांनी ती खाल्ली त्या पहिल्या वर्षापासून, दक्षिणेलाच सोडत होता.